परदेशी बाटली, देशी हवा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "पाणबुड्याची हवेची बाटली आणि देशोदेशींची प्रमाणे." चालक सभ्य असल्यामुळे हसले नाहीत; पण त्यांच्या मनातला प्रश्न आम्हांस ऐकू आला. ओझरात पाणबुड्यांचे काय काम? बाणगंगेच्या पात्रात वैशाखात बुडी मारायची म्हटली, तर आधी पाणी शोधावे लागेल! समुद्र पाहायचा तर सह्याद्री उतरून जावे लागते.

तथापि हा विषय ओझरातच बोलावा, असे आम्हांस वाटले. एक कारण असे की येथील मुलेमुली आता सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीला बाटली बांधून समुद्राच्या तळाशी उतरतात. काही नोकरीनिमित्त मस्कत, ह्यूस्टन, मेलबर्नला गेली आहेत आणि तिकडेही उतरतात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. हे गाव आट्यांचे, मापांचे आणि दाबाचे गाव आहे. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला, आणि तेव्हापासून द्राक्षाच्या मांडवाइतकाच मायक्रोमीटरही या पंचक्रोशीच्या ओळखीचा झाला. तेव्हा 'आटे जुळले नाहीत' म्हणजे काय, हे येथे समजावून सांगावे लागत नाही. 'आटे जुळल्यासारखे वाटले' म्हणजे काय, हे मात्र आज सांगायचे आहे.

प्रथम बाटलीविषयी. पाणबुड्याच्या पाठीवर 'ऑक्सिजनचे सिलिंडर' असते, असे आपण सर्रास म्हणतो. ते खरे नव्हे. तीत असते साधी हवा, आपण या मंडपात घेत आहोत तीच, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. शुद्ध प्राणवायू पाण्याखाली सुमारे सहा मीटरपलीकडे विषासारखा बाधतो. माणसाला झटके येतात आणि तो बुडतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो नावाचा नौदल अधिकारी आणि गान्यां नावाचा अभियंता यांनी श्वासागणिक हवी तेवढीच हवा सोडणारे यंत्र सिद्ध केले. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप केली होती. तीच पुढे माणसाच्या श्वासाच्या उपयोगी पडली. या यंत्राला आज सर्वजण रेग्युलेटर म्हणतात.

नेहमीच्या वापरातल्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत सुमारे अकरा लिटर पाणी मावते. म्हणजे ती आपल्या घागरीहून फार मोठी नव्हे. पण तीत हवा भरतात ती २०७ बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दोनशेपटीहून अधिक. या दाबलेल्या हवेत जी शक्ती साठते, ती एक टन वजनाचा दगड निदान चाळीस मीटर उंच उचलील एवढी असते. बाटली शाबूत असेल तर ही शक्ती तासभर माणसाला श्वास पुरवते. बाटली फुटली, तर तीच शक्ती निमिषार्धात बाहेर पडते. आणि बाटली फुटते ती बहुधा समुद्रात नव्हे. हवा भरताना फुटते. म्हणजे जीव जातो तो मौजेने बुडी मारणाऱ्याचा नव्हे, तर पोटासाठी हवा भरणाऱ्याचा. हे ध्यानात ठेवावे.

आता ओझरकडे येऊ. येथे मिग-२१ विमानाचा सांगाडा तयार होऊ लागला. त्याचे इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक साहित्य हैदराबादेस. या विमानाच्या चाकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत, आणि उंचावर वैमानिकाला श्वासासाठी प्राणवायू लागे, तोही बाटल्यांतूनच. म्हणजे पाणबुड्याची बाटली आणि वैमानिकाची बाटली या सख्ख्या बहिणी नसल्या, तरी मावसबहिणी खऱ्या. त्यापूर्वी आपल्या हवाई दलात व्हॅम्पायर, हंटर, नॅट ही विमाने होती, ती इंग्रजी वळणाची. त्यांचे माप इंचांत, दाब चौरस इंचाला इतके पौंड असा. रशियन नकाशे आले ते मिलिमीटरांत, आणि दाब चौरस सेंटिमीटरला इतके किलोग्रॅम असा. एकाच आकड्याचा अर्थ दोन भाषांत किती बदलतो पाहा: रशियन घड्याळावरचे १५० म्हणजे इंग्रजी घड्याळावरचे सुमारे २,१३०. 'दीडशे भर' एवढेच कोणी ओरडून सांगितले, तर ऐकणाऱ्याने कोणत्या देशाचे दीडशे भरायचे? मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. पण आकड्यामागे कोणाचे माप आहे हे विचारण्याची जी सवय त्याने लावली, ती निवृत्त होता कामा नये.

ही अडचण काही नवी नाही. आपल्या वाडवडिलांना ती पुरती ठाऊक होती. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, आणि कच्चा शेर ज्या त्या पेठेचा निराळा. बाजार बदलला की शेर बदले. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम आला, तेव्हा म्हाताऱ्यांनी पुष्कळ कुरकुर केली; पण गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधला एक संशय कायमचा गेला. इंग्लंड-अमेरिकेचीही कथा तीच. १८४१ साली व्हिटवर्थ यांनी इंग्रजी आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा ठरवला. १८६४ साली सेलर्स यांनी अमेरिकेत साठ अंशांचा सुचवला. दोन्ही शहाणे, दोन्ही बरोबर! परिणाम असा की दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे सैनिक खांद्याला खांदा लावून लढत होते, पण त्यांच्या नटबोल्टांची दोस्ती जमत नव्हती. अखेरीस १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी एका आट्यावर सह्या केल्या. त्याआधीच्या वर्षी जागतिक प्रमाणसंस्था सुरू झाली होती, आणि त्याच १९४७ साली आपली भारतीय मानक संस्थाही स्थापन झाली. तिचेच १९८७ साली भारतीय मानक ब्यूरो झाले.

जुळत नसले म्हणजे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण पुष्कळांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! पाणी होते, माणसे होती, आणि शहर जळत होते. न जुळण्याने असे नुकसान होते. परंतु आमचे म्हणणे असे की, बाटलीच्या बाबतीत न जुळणे हा लहान धोका आहे. अर्धवट जुळणे हा मोठा.

ते समजण्यासाठी एका बाटलीबरोबर थोडा प्रवास करू. समजा, ओझरचा एक मुलगा ह्यूस्टनला नोकरीस आहे. त्याने तिकडे एक बाटली विकत घेतली. बाटलीच्या खांद्यावर ठसे असतात: कोणत्या नियमाने केली, किती दाबाची, कोणी केली, अनुक्रमांक काय आणि तपासणी कधी झाली. अमेरिकेत हा ठसा तेथील वाहतूक खात्याच्या नियमाचा असतो, आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने परीक्षा करावी लागते. ही परीक्षा मोठी युक्तीची आहे. बाटलीत पाणी भरतात, ती पाण्याच्या बंद टाकीत ठेवतात आणि नेहमीच्या पाच-तृतीयांश दाब देतात. बाटली किंचित फुगते. दाब काढला की पूर्ववत होते. जी फुगी परत जात नाही ती मोजतात, आणि ती एकूण फुगीच्या दशांशाहून अधिक भरली तर बाटली बाद. हवा न वापरता पाणी वापरतात, कारण पाणी दाबले जात नाही. बाटली फुटलीच तर पाणी ओघळते, हवेसारखे उसळत नाही. तरीही ही परीक्षा सर्व दोष पकडत नाही. पूर्वी तिकडे ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बाटल्या निघत. त्यांच्या गळ्याशी सतत दाबाखाली बारीक चिरा वाढतात असे पुढे आढळले. अशा काही बाटल्या भरताना फुटल्या आणि माणसे जखमी झाली. तेव्हापासून त्या बाटल्यांच्या गळ्याची खास विद्युत्-उपकरणाने तपासणी करू लागले, आणि पुष्कळ ठिकाणी त्या भरायलाच नकार देतात.

आता या मुलाची बदली जर्मनीला झाली. तो बाटली घेऊन हवा भरायला गेला. दुकानदार खांद्याकडे पाहतो आणि मान हलवतो. युरोपात त्यांच्या नियमाने मान्य झालेल्या बाटलीवर ग्रीक 'पाय' अक्षराचा ठसा लागतो. अमेरिकन ठसा तेथे चालत नाही. बाटली तीच, तिची धातू तीच, कदाचित कारखानाही तोच. शिवाय अमेरिकन बाटलीच्या झडपेत दाब वाढला तर आपोआप फुटून हवा सोडणारी पातळ चकती असते. युरोपातील झडपेत ती सहसा नसते. अमेरिकेत बाटलीचे नाव तिच्यातून किती घनफूट हवा निघते यावर ठेवतात, युरोपात तीत किती लिटर पाणी मावते यावर. 'ऐंशीची बाटली' आणि 'बाराची बाटली' ऐकून कोणालाही वाटेल की पहिली मोठी; प्रत्यक्षात दुसरीत अधिक हवा असते. आणि तेथून तो ऑस्ट्रेलियास गेला, तर तेथे पाणबुड्याच्या बाटलीची परीक्षा दरवर्षी करण्याची रीत! पाच वर्षांच्या मुदतीची त्याची बाटली तेथे एका वर्षात म्हातारी होते.

मुलगा वैतागतो. "हा सगळा व्यापाराचा डाव आहे, आपापल्या कारखानदारांना सांभाळून घेण्याचा," असे तो म्हणतो. त्यात थोडे तथ्य असेलही. पण पुरते तथ्य नाही. खांद्यावरचा ठसा ही एक हुंडी आहे. हुंडी वटते ती कागदाच्या गुणाने नव्हे. ज्या पेढीने ती लिहिली तिची पत त्या गावात ठाऊक असते म्हणून. नाशिकच्या पेढीची हुंडी काशीत वटायची तर काशीत कोणीतरी त्या पेढीस ओळखत असले पाहिजे. जर्मन दुकानदाराला अमेरिकेतील परीक्षक ठाऊक नाही, त्याला कोण जाब विचारतो हे ठाऊक नाही. बाटली वाईट आहे असे तो म्हणत नाही. "हिच्याबद्दल मला सांगणारे येथे कोणी नाही," एवढेच तो म्हणतो. आणि भरताना तिच्याशेजारी उभे त्याला राहायचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखालचा एक सामायिक ठसाही आता निघाला आहे. पुष्कळ देशांत वटणारी ती हुंडी होय. पण जुन्या बाटल्या आणि जुने आटे एका पिढीत सरत नाहीत.

आता आट्यांकडे येऊ. बाटलीच्या गळ्यात झडप फिरवून बसवतात. युरोपात पुष्कळ बाटल्यांच्या गळ्याचे आटे पंचवीस मिलिमीटर व्यासाचे आणि दोन मिलिमीटर अंतराचे. अमेरिकन आणि जुन्या इंग्रजी पद्धतीच्या बाटल्यांचे आटे 'पाऊण इंची'. येथे नावच फसवते. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर. पण हे नाव नळाच्या पोकळीवरून पडलेले आहे, आट्यांचा खरा व्यास साडेसव्वीस मिलिमीटरांच्या आसपास. आणि इंचाला चौदा आटे, म्हणजे अंतर सुमारे एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. पाहा, दोन्ही किती जवळ आले! पंचवीसची झडप पाऊण इंची गळ्यात घातली, तर ती आत जाते, काही फेरे फिरते, आणि घट्ट झाल्यासारखी वाटते. हाताला वाटते, बसली. थोडा दाब ती सोसतेही. मग दाब वाढता वाढता ते उथळ पकडलेले आटे सुटतात आणि झडप बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. अशा अपघातांत जगात माणसे मेली आहेत. जर ती झडप मुळीच आत गेली नसती, तर कोणीही मेले नसते.

आता याच्या उलट शहाणपण पाहा. बाटलीला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत झडपेवर कडी चढवून मागून स्क्रू आवळतात; दुसरीत रेग्युलेटर झडपेत फिरवून बसवतात, ती मूळची जर्मन रीत. या दुसऱ्या रीतीत दोनशे बारच्या वर्गाची आणि तीनशे बारची अशा दोन झडपा आहेत. तीनशेची झडप मुद्दाम खोल केलेली आहे. तीनशे बार सोसणारा रेग्युलेटर दोन्हींत बसतो. पण कमी दाबाचा रेग्युलेटर तीनशेच्या झडपेत घातला तर त्याचे रबरी कडे तळाला पोचतच नाही. हवा फुसफुसून निघून जाते आणि जोड लागत नाही. चुकीच्या माणसाला यंत्रच 'नाही' म्हणते. प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या हवेसाठी युरोपात आटेच निराळे ठेवले आहेत, तेही याच हेतूने. ज्याने हे योजले त्याने ओळखले होते की दमलेला, घाईतला, परभाषेत बोलणारा माणूस चुकणारच. म्हणून चुकीची वाटच बंद करावी.

रंगांची गोष्ट याहून बिकट आहे. आपल्याकडे प्राणवायूची बाटली काळ्या अंगाची आणि पांढऱ्या खांद्याची. अमेरिकेत रुग्णालयातील प्राणवायू हिरव्या बाटलीत. आणि काळा रंग तेथे नायट्रोजनचा! एका देशाचा जीव तो दुसऱ्या देशाचा काळ. म्हणून रंग पाहून बाटली ओळखू नये. तिच्यावरचा मजकूर वाचावा.

हे सारे हौशी लोकांचे प्रश्न आहेत असे ज्यांना वाटत असेल, त्यांना आम्ही २०२१ चा एप्रिल-मे आठवायला सांगतो. नाशिककरांना तो विसरता येणार नाही. २१ एप्रिल रोजी आपल्याच शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला आणि बावीसहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत देशाला बाटल्या हव्या होत्या, आणि त्या परदेशांतून आणाव्या लागल्या. आपल्याकडे बाटल्यांच्या मान्यतेचे काम नागपूरला आहे: १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली गॅस सिलिंडरांचे नियम झाले, पहिले १९४० साली, सध्याचे २०१६ चे, आणि मुख्य विस्फोटक नियंत्रकांचे कार्यालय ते पाहते. एरवी परदेशी कारखान्यास मान्यता देताना तेथे जाऊन पाहणी करतात. मे २०२१ मध्ये सरकारने ही प्रत्यक्ष पाहणी सोडून दिली. पण कारखान्याचे प्रमाणपत्र, पाण्याच्या दाबाच्या परीक्षेचा दाखला आणि त्रयस्थ तपासनिसाचा दाखला मागणे सोडले नाही. नायट्रोजन आणि आर्गॉनच्या बाटल्या प्राणवायूसाठी वापरण्यासही त्या काळात परवानगी मिळाली, तीही रीतसर साफसफाई आणि बदल करून. माणसे श्वासासाठी तडफडत असताना कागद मागणे निष्ठुर वाटेल. पण त्या कागदावाचून आलेली बाटली आजाऱ्याच्या उशाशी ठेवणे अधिक निष्ठुर झाले असते. घाईतही कोणता प्रश्न सोडावा आणि कोणता सोडू नये, हे त्या दिवसांत शिकण्यासारखे होते.

मग आपल्या मुलांनी काय करावे? परदेशी जाताना बाटली नेऊच नये. विमानात ती रिकामी आणि झडप उघडी ठेवूनच न्यावी लागते, आणि तेथे ती भरून मिळेल याची खात्री नाही. आपला रेग्युलेटर न्यावा. बाटली जेथे बुडी मारायची तेथलीच भाड्याने घ्यावी. तिची झडप कडीची की आट्यांची आणि दाब किती, हे आधी विचारावे; जोड लागत नसेल तर कोणाकडून जबरदस्तीने लावून घेऊ नये. बाटलीच्या खांद्यावरची तपासणीची तारीख वाचावी, आणि दाबाचे घड्याळ बारचे की पौंडांचे हे पाण्यात उतरण्यापूर्वी पाहावे. परदेशांतून कोणी बाटली भेट म्हणून आणली, तर ती आधी नागपूरच्या नियमांत बसते का हे विचारावे. आणि तिची झडप घरी पान्याने बदलण्याचा मोह तर कदापि धरू नये, मग तो पाना धरणारा कितीही कसबी असो. ओझरात कसबी हात पुष्कळ आहेत, म्हणूनच हे मुद्दाम सांगतो. या कामात हाताला 'बसले' असे वाटणे हा पुरावा नव्हे. आट्याचे माप वाचणे हाच पुरावा.

तारकर्लीला उतरताना बाटलीची तारीख विचारली, तर तेथला माणूस कदाचित हसेल. विचारणे सोडू नये. चांगला माणूस असेल तर तो बाटली फिरवून ठसा दाखवील. आणि परदेशात एखादा दुकानदार तुमची बाटली भरायला नकार देईल, तेव्हा त्याच्यावर रागावू नये. दूरच्या देशात, कोणीही पाहत नसताना, एक अनोळखी माणूस तुमच्या आणि स्वतःच्या जिवाची काळजी घेतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

येथे कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना याची ओळख आहे. भाग शेजारच्या टेबलावर तयार असतो, विमान थांबलेले असते, वरिष्ठ घाई करतात, आणि तपासनीस गेज लावून पाहतो आणि म्हणतो, "जात नाही." त्या वेळी त्याला कोणी शाबासकी देत नाही. पण पुढे जे विमान उतरले, ते त्या दोन शब्दांवर उतरले. समुद्राखालच्या माणसाचा श्वासही अशाच कोणाच्या तरी 'नाही'वर चालतो.